जुन्या सर्व्हरच्या पार्टवर एडिटिंगचा पीसी बनवू का? बजेट ४० हजार

शिरपूरचा_शूटर
राम राम मंडळी. लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो, आताच्या पीसीवर ४के क्लिप टाकली की टाइमलाइन अडकत अडकत चालते. जळगावला गोलाणी मार्केटला गेलो होतो तर एक जण जुन्या सर्व्हरमधून काढलेला इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४, चायनीज एक्स९९ मदरबोर्ड आणि ६४ जीबी ईसीसी (चूक स्वतः दुरुस्त करणारी, सर्व्हरची) रॅम असा सेट द्यायला तयार आहे, ग्राफिक कार्ड आपलं आपण. १४ कोअर २८ थ्रेड आहेत म्हणे, एवढ्या पैशात नव्यात काय येतं? एडिटिंगला प्रीमियर वापरतो, सोनीचा कॅमेरा, फुटेज एच.२६५ १०-बिट ४:२:२ (फाईल दाबून छोटी केलेली, पण रंगाची माहिती जास्त). लहान भाऊ ब्लेंडर (३डीचं सॉफ्टवेअर) शिकतोय, तोही यावरच बसणार. लग्नसराईच्या आत मशीन पाहिजे, घेऊ का?

रेंडरवाला_जळगाव
थांब भो, पैसे देऊ नको अजून. तुझं दुखणं कोअरचं नाहीच, फुटेजचं आहे. एच.२६५ ४:२:२ उलगडायला हार्डवेअर डिकोडर (चिपमधलं त्याच कामाचं वेगळं सर्किट) लागतो आणि तो झिऑन ई५ मध्ये नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नाही. एनव्हिडियाचं कार्ड लावशील तरी ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना ४:२:२ जमत नाही, म्हणजे सगळा भार सीपीयूवर आणि २८ थ्रेड असून टाइमलाइन अडकणारच. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक हे काम करतं, साधा आय५-१२४०० पण. ६ कोअरचा आहे म्हणून नाक मुरडू नको.

धुळ्याचा_झेड४४०
वरच्या भाऊंचं एडिटिंगपुरतं पटलं, पण झिऑन एकदम भंगारात काढू नका राव. माझ्याकडे एचपी झेड४४० आहे, झिऑनचाच टॉवर, ब्लेंडरचं सीपीयू रेंडर आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत चालणारे वेगळे पीसी) सोबत चालतात, कुरकुर नाही. फक्त सुटे पार्ट जोडण्यापेक्षा असा अख्खा टॉवर घ्या, झेड४४० नाहीतर डेलचा टी५८१०, कूलर-पॉवर सप्लाय सगळं त्यातलंच असतं. रॅकचा सर्व्हर तर घरात आणूच नका, पंख्यांचा आवाज ऐकून घरचे तुम्हाला मशीनसकट बाहेर काढतील. सुटंच घेत असाल तर प्रोसेसरच्या टोपणावर इंटेल कॉन्फिडेन्शियल छापलंय का बघा, असेल तर तो टेस्टिंगचा नमुना, हात लावू नका. रजिस्टर्ड ईसीसी रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डात चालत नाही, उद्या बोर्ड मेला तर रॅम कपाटात पडून राहणार. बोर्डला रॅमचे चार चॅनल असतील तर रॅमच्या काड्या पण चार घ्या, आणि घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावा.

भुसावळ_४५_डिग्री
उन्हाळ्याचं कोणी बोलतच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात १२० वॉटचा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरला लावला की खोलीची भट्टी. कूलरची फिटिंग पण बघून घ्या, सर्व्हर बोर्डवर बऱ्याचदा अरुंद सॉकेट असतं, त्यावर बाजारातला नेहमीचा कूलर बसत नाही. आणि लाईट! ६०० व्हीए यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, ग्राफिक कार्ड धरून लोड त्याच्या वर गेला की लाईट जाताच मशीन बंद आणि रेंडर पहिल्यापासून. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले पॉवर सप्लाय पण कधी कधी कुरकुरतात, साइन वेव्ह घ्या.

शिरपूरचा_शूटर
बरं झालं विचारलं. पण प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या कॉपी) बनवून एडिट केलं तर झिऑनवर चालेल ना?

रेंडरवाला_जळगाव
चालेल की. रात्री प्रॉक्सी बनवायला टाकायच्या, सकाळी एडिट. पण सीझनमध्ये आज लग्न आणि उद्या पार्टी व्हॉट्सअ‍ॅपवर टीझर मागते, तेव्हा ती रात्र कुठून आणशील? शिवाय विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. जुगाड करून टाकतात लोक, पण धंद्याच्या मशीनवर मी नाही टाकणार.

शिरपूरचा_शूटर
ठरलं मग, नवीनच घेतो. ब्लेंडरसाठी भावाचं पुढच्या वर्षी बघू, तेव्हा झेड४४० शोधेन. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त दिसतोय, तोच सांगून टाकू ना दुकानदाराला?

रेंडरवाला_जळगाव
अरे एफ नको!! एफवाल्यात ग्राफिक्स बंद असतं, मग क्विक सिंक कुठून येणार. बिना एफचा घे, बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेव आणि प्रीमियरच्या सेटिंगमध्ये इंटेल डिकोडिंगवर टिक कर.