दोन अपूर्णांकांच्या मध्ये कायम तिसरा असतो, मग रूट २ ला जागा कुठून मिळाली?

गोदाकाठचा: काल कॉलेज रोडला मिसळ खाताना मित्राशी वाद झाला. मी म्हटलं दोन परिमेय संख्या (म्हणजे अपूर्णांक) घे, बेरीज करून दोनने भाग, मधली मिळाली, परत तेच कर, संपतच नाही, म्हणजे संख्यारेषा भरलीच ना? तो म्हणतो जवळजवळ रिकामीच आहे. हरलेला बिल देणार असं ठरलंय.

जादा_शेव: मित्र बरोबर आहे. दाट असणं (कुठल्याही दोघांत तिसरा सापडणं) वेगळं, भरलेलं असणं वेगळं. १.४, १.४१, १.४१४ असं कितीही जवळ जा, नेमका रूट २ वर बसणारा अपूर्णांक नाहीच.

गोदाकाठचा: ठीक, एखाददुसरं भोक असेल

सातपूर_नाईटशिफ्ट: एखाददुसरं?? उलटंय भाऊ. अपूर्णांकांना १, २, ३ असे नंबर देता येतात. आता नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपासून त्र्यंबकपर्यंतचा रस्ता ही रेषा समज. पहिल्या अपूर्णांकावर अर्ध्या मीटरची सतरंजी टाक, दुसऱ्यावर पाव मीटरची, पुढच्यावर त्याच्या निम्मी... एकूणएक अपूर्णांक झाकले गेले आणि सतरंज्या मिळून फक्त १ मीटर! बाकी सगळा रस्ता उघडा

गोदाकाठचा: पण दोन सतरंज्यांच्या मध्ये पण अपूर्णांक असणारच, मग उघडं राहतं काय?

सातपूर_नाईटशिफ्ट: सुटे सुटे बिंदू. सलग तुकडा कुठेच उघडा नाही, तरी लांबी जवळपास सगळी त्यांचीच (मलाही पचायला आठवडा लागला). वास्तव संख्यांना (रेषेवरच्या सगळ्या बिंदूंना) असे नंबर देताच येत नाहीत, गणितज्ञ कॅन्टरने १८७४ मध्येच दाखवलंय.

गोदाकाठचा: म्हणजे बिल माझ्यावरच