मदत हवी आहे: ट्रेडिंग जर्नलमध्ये सौद्यांची नोंद आपोआप कशी करावी?

रिकामा_खिसा

मंडळी, जर्नल गूगल शीटमध्ये आहे. कॅशमध्ये (म्हणजे शेअरमध्ये) थोडी डिलिव्हरी (घेऊन ठेवायचे), थोडे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचे) आणि निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन (ठरलेल्या भावाच्या हक्काचे, आठवड्याला मुदत संपणारे करार). ब्रोकर झिरोधा. कन्सोल या त्यांच्या अहवालांच्या साइटवरून ट्रेडबुकची (झालेल्या सौद्यांच्या यादीची) सीएसव्ही फाइल उतरवायची आणि शीटमध्ये चिकटवायची, असा सध्याचा कारभार. अडचणी अशा:

आठवड्याची फाइल घेतली की आधीच्या ओळी पुन्हा येतात. ट्रेड आयडी पाहून दुबार ओळी काढल्या, तर खरे सौदेही उडाले. एकाच ऑर्डरचे तुकडे पडून सात-आठ ओळी येतात, त्यामुळे जिंकलेल्या सौद्यांची टक्केवारी भलतीच दिसते. खर्चाचे सूत्र कॉन्ट्रॅक्ट नोटशी (ब्रोकरच्या दिवसाच्या बिलाशी) जुळत नाही, रुपया-दोन रुपयांचा फरक राहतोच. आणि एक्स्पायरीला (मुदत संपताना) शून्य झालेले ऑप्शन जर्नलमध्ये अजून चालूच आहेत.

हे सगळे रोज आपोआप व्हावे असे वाटते. ब्रोकरचा एपीआय (प्रोग्रॅमने थेट माहिती उचलण्याची सोय) घ्यावा का? थोडे पायथन येते.

फिफो

एपीआयचे नंतर बघू. आधी दुबार ओळींचे.

ट्रेड आयडी एकटा धरून चालत नाही. तो एक्स्चेंजचा त्या दिवसाचा, त्या सेगमेंटचा (कॅश किंवा एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शन) क्रमांक असतो. कॅशमधला एखादा क्रमांक दुसऱ्या दिवशी किंवा एफ अँड ओमध्ये पुन्हा दिसू शकतो. ओळख पटवायला तारीख + एक्स्चेंज + सेगमेंट + ट्रेड आयडी अशी चार रकाने जोडून एक किल्ली बनवा. फाइलमधली ओळ आत घेण्याआधी ही किल्ली जुन्या किल्ल्यांत आहे का ते पाहा. असेल तर सोडून द्या. मग तीच फाइल दहा वेळा टाकली तरी बिघडत नाही. उलट दरवेळी मागच्या दहा दिवसांची फाइल घ्यावी, म्हणजे मधला राहिलेला दिवसही भरून निघतो.

दुसरा घोळ ऑर्डर आयडीत. एनएसईचा ऑर्डर क्रमांक १६ अंकी असतो. एक्सेल काय, शीट काय, आकडा म्हणून १५ अंकच अचूक धरतात. सोळाव्याचा शून्य होतो आणि शेजारशेजारच्या वेगळ्या ऑर्डर एकच दिसू लागतात. हे एकदा झाले की शीटमधून दुरुस्त होत नाही, मूळ फाइल पुन्हा आणावी लागते. म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' कधीही करू नका.

अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गूगल शीटसोबत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) आणणार असाल तर तिथेही हाच खड्डा आहे. सीएसव्ही वाचल्यावर सगळे मजकूरच असते, पण शीटमध्ये लिहिताना शीट स्वतःच्या डोक्याने त्याचा आकडा किंवा तारीख करते. लिहिण्याआधी दोन्ही आयडींच्या रकान्यांचा फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवा (स्क्रिप्टमध्ये नंबर फॉरमॅट म्हणून नुसते '@' द्यायचे). ओळी एकेक करून जोडू नका, सगळ्या एका अ‍ॅरेमध्ये गोळा करून एकदाच लिहा. साध्या खात्यात स्क्रिप्टला एका वेळी सहा मिनिटेच मिळतात आणि एकेक ओळ लिहिणारी स्क्रिप्ट वर्षभराच्या फाइलला मध्येच दम टाकते.

शीट आणि स्क्रिप्ट या दोघांचे टाइम झोन वेगळे असतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी बदलावे लागतात. दोन्ही कोलकाता करा. एक जरी अमेरिकेचे राहिले तरी तारीख एक दिवस मागे सरकते, आणि तारीख किल्लीत असल्यामुळे सगळेच दुबार होते.

आता तुकडे. कच्च्या ओळींना हात लावायचा नाही. त्यांची वेगळी टॅब. पुढच्या टॅबमध्ये तारीख आणि ऑर्डर आयडीनुसार गट करा: नगांची बेरीज, आणि भाव म्हणजे (नग × भाव) यांची बेरीज भागिले एकूण नग. भावांची साधी सरासरी काढू नका. ७० नग १०० ला आणि ५ नग १०२ ला मिळाले तर सरासरी १०१ नसते, १००.१३ असते. जिंकले-हरले हे मात्र ऑर्डरवरही मोजायचे नाही. पोझिशन (हातातले नग) शून्यावरून उघडली आणि पुन्हा शून्यावर आली की तो एक सौदा.

कोकणकडा

एपीआयबद्दल. काइट कनेक्टमधून (झिरोधाच्या एपीआयमधून) सौदे मिळतात ते फक्त चालू दिवसाचे. एक दिवस स्क्रिप्ट चालली नाही की तो दिवस गेला, मग पुन्हा ट्रेडबुकच. शिवाय अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळणारी परवानगीची किल्ली) रोज सकाळी मरते, म्हणजे रोज एकदा लॉगिन आलेच. ते टाळायला बरेच जण टीओटीपीची (सतत बदलणाऱ्या लॉगिन कोडची) गुप्त किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतात. पासवर्ड आणि टीओटीपी एकाच फाइलमध्ये ठेवले तर दुहेरी सुरक्षेत दुहेरी काय उरले? जर्नलसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

एपीआयचा एक खरा फायदा आहे: त्यात सौद्यासोबत प्रॉडक्टचा प्रकार येतो, इंट्राडे की डिलिव्हरी. ट्रेडबुकच्या सीएसव्हीत तो नसतो. पण तो तुम्हाला काढता येतो. एका शेअरची त्या दिवसाची खरेदी आणि विक्री यांतले जे कमी, तेवढे नग इंट्राडे, उरलेले डिलिव्हरी. गट करताना शेअरच्या नावाऐवजी आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) घ्या, नावे बदलतात.

पै_पैसा

खर्चाचे सूत्र जुळत नाही कारण ते जुळणारच नाही. एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर) कॉन्ट्रॅक्ट नोटवर पूर्ण रुपयात येतो, आणि शेअरमध्ये तो त्या दिवसाच्या भारित सरासरी भावावर काढतात. तुम्ही ओळीगणिक पैशांत काढून बेरीज करता. फरक राहणार.

तरीही अंदाजाचे सूत्र असावे, कारण जुळणी कशाशी करायची ते त्यातूनच कळते. फेब्रुवारी २०२५ मधला निफ्टी ऑप्शनचा एक सौदा घेऊ: ७५ नग, १०० ला खरेदी, १२० ला विक्री.

ब्रोकरेज २० + २० = ४०.००
एसटीटी, विक्रीच्या ९,००० प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) ०.१ टक्का = ९.००
एनएसईचे व्यवहार शुल्क, एकूण १६,५०० वर ०.०३५०३ टक्के = ५.७८
स्टँप ड्यूटी, खरेदीच्या ७,५०० वर ०.००३ टक्के = ०.२३
सेबी शुल्क, कोटीला १० रुपये = ०.०२
जीएसटी, ब्रोकरेज + व्यवहार शुल्क + सेबी शुल्क यांवर १८ टक्के = ८.२४

एकूण ६३.२७ (पैसे वेगवेगळे पूर्णांकित केल्यामुळे, न करता ६३.२६. तुमचा रुपयाचा फरक असाच साचतो). ढोबळ नफा १,५००, हातात साधारण १,४३६.७३. जीएसटी एसटीटीवर आणि स्टँप ड्यूटीवर लागत नाही, बऱ्याच तयार शीटमध्ये तो लावलेला दिसतो.

दर सूत्रात कोंबू नका. 'दर' नावाची टॅब करा आणि प्रत्येक दरासमोर 'केव्हापासून' ही तारीख ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ ला ऑप्शन विक्रीचा एसटीटी ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला, फ्युचरचा ०.०१२५ वरून ०.०२, आणि त्याच दिवशी एक्स्चेंजचे टप्प्याटप्प्यांचे शुल्क जाऊन सर्वांना एकच दर आला. सूत्रात आकडा असेल तर नवा दर टाकताच जुने सगळे सौदे नव्या दराने बदलतात. सौद्याच्या तारखेपर्यंतचा शेवटचा दर उचलायचा.

पक्क्या हिशोबाला मात्र कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा दिवसाचा एकूण खर्च घ्या आणि तो सौद्यांवर वाटा. ब्रोकरेज ऑर्डरच्या संख्येने, एसटीटी विक्रीच्या (डिलिव्हरीत खरेदीच्याही) रकमेच्या प्रमाणात, स्टँप ड्यूटी खरेदीच्या रकमेच्या प्रमाणात, बाकीचे उलाढालीच्या प्रमाणात. डिलिव्हरी विकल्यावरचे डीपी शुल्क (डिमॅट खात्यातून शेअर बाहेर जाण्याचे) कॉन्ट्रॅक्ट नोटवर नसते, ते लेजरमध्ये (ब्रोकरकडच्या खातेवहीत) सापडते.

रिकामा_खिसा

वा, बरेच उलगडले. कॉन्ट्रॅक्ट नोट मेलवर येते, ती स्क्रिप्टने उघडता येईल का? आणि एक्स्पायरीचे राहिलेच.

कोकणकडा

मेलमधून पीडीएफ उचलून ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकणे अ‍ॅप्स स्क्रिप्टला जमते. उघडणे जमत नाही, कारण फाइलला पॅनचा पासवर्ड असतो. तेवढे काम आपल्या संगणकावर पायथनने करा: पाइकपीडीएफने कुलूप काढायचे, पीडीएफप्लंबरने तक्ते वाचायचे. पॅन कोडमध्ये किंवा शीटमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. कुलूप काढलेली प्रत ड्राइव्हवर चढवू नका.

सगळे सौदे पीडीएफमधून वाचण्याचा हट्ट नको. लांब तक्ता पुढच्या पानावर गेला की शीर्षक पुन्हा येते, कधी एका ओळीच्या दोन होतात. नोटमधून फक्त शेवटचा खर्चाचा तक्ता आणि निव्वळ देणे-घेणे घ्या. सौदे ट्रेडबुकमधून.

फिफो

एक्स्पायरी. ट्रेडबुकमध्ये फक्त बाजारात झालेले सौदे असतात. मुदत संपणे हा सौदा नाही, म्हणून ओळच येत नाही. ती तुम्हीच तयार करायची: रोज स्क्रिप्ट संपताना ज्या कराराची एक्स्पायरी उलटून गेली आणि नग शून्य नाहीत, त्यासाठी 'मुदत' प्रकाराची उलटी ओळ घाला. आउट ऑफ द मनी (मुदतीला किंमत न उरलेला) असेल तर भाव शून्य. इन द मनी (किंमत उरलेला) असेल तर निफ्टीचा त्या दिवसाचा बंद भाव आणि स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) यांतला फरक. बंद भाव म्हणजे साडेतीनच्या ठोक्याचा शेवटचा आकडा नव्हे, तो शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून निघतो, त्यामुळे चार्टवरून उचलू नका. मुदतीपर्यंत धरलेल्या इन द मनी ऑप्शनवर खरेदीदाराला एसटीटी वेगळा लागतो, त्याची ओळ 'दर' टॅबमध्ये वेगळी. शेअरचे ऑप्शन असतील तर तिथे रोख नव्हे, प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. कॉल (खरेदीच्या हक्काचा ऑप्शन) घेतलेला असेल तर स्ट्राइकच्या भावाने शेअर होल्डिंगमध्ये आणावे लागतात.

एक्स्पायरीची तारीख वारावरून काढू नका. 'गुरुवार' गृहीत धरलेल्या शीट सप्टेंबर २०२५ पासून मोडल्या, कारण एनएसईने तो वार मंगळवार केला. सुट्टी आली की आदल्या कामाच्या दिवशी. फाइलमध्ये एक्स्पायरीचा रकाना असेल तर तोच घ्या. नावावरूनच काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा की साप्ताहिक आणि मासिक नावांची घडण वेगळी. ६ फेब्रुवारी २०२५ च्या साप्ताहिकात वर्ष २५, महिना नुसता २, दिवस ०६ आणि लगेच स्ट्राइक. मासिकात वर्षानंतर महिन्याची तीन अक्षरे आणि दिवस नाहीच. साप्ताहिकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांना अंकाऐवजी इंग्रजी आद्याक्षर. साप्ताहिकात महिना नेहमी अंकच असेल असे धरणारी स्क्रिप्ट ऑक्टोबर येताच मोडते.

जर्नल नेहमी नगांत ठेवा, लॉटमध्ये (एक्स्चेंजने ठरवलेल्या गठ्ठ्यात) नको. निफ्टीचा लॉट २०२४ च्या एप्रिलमध्ये ५० चा २५ आणि नोव्हेंबरपासूनच्या नव्या करारांना ७५ झाला.

जोड्या लावताना: प्रत्येक कराराची रांग, जुने आधी बाहेर. ७५ हातात असताना १५० विकले तर त्या ओळीचे दोन भाग करा, ७५ ने जुनी पोझिशन बंद आणि ७५ ची नवी शॉर्ट (हातात नसताना विकलेली) पोझिशन. हे केले नाही तर सौदा कधी शून्यावर येतच नाही आणि आठवडाभराचे सगळे एका ओळीत गोळा होते.

दुपारचा_चहा

गूगल शीट नको असेल तर एक्सेलचे पॉवर क्वेरी (फाइली आणून जोडणारे साधन) पुरते. सगळ्या सीएसव्ही एका फोल्डरमध्ये, 'फोल्डरमधून आणा', आयडींचे रकाने टेक्स्ट, वर सांगितलेल्या किल्लीवर दुबार काढा, रिफ्रेश. 'चेंज्ड टाइप' ही पायरी ते आपणहून घालते. ती आधी पुसा, नाहीतर आयडीचा पुन्हा आकडा होतो आणि सोळावा अंक जातो.

रिकामा_खिसा

स्टॉप लॉस (तोटा थांबवायचा भाव) आणि सौद्यामागचे कारण? तेही ऑर्डरवरून उचलता येईल?

पै_पैसा

नाही, आणि उचलू नये. ट्रेडबुकमध्ये फक्त झालेले असते. ऑर्डरमधला ट्रिगर भाव घेतला तरी तो सरकवून सरकवून शेवटी जिथे राहिला तिथला मिळतो. जोखमीच्या पटीत निकाल काढायचा तर पहिला स्टॉप लागतो: १०० ला घेताना ९० ठरवला असेल आणि ७५ नग असतील तर जोखीम ७५०, वरच्या सौद्यातला १,४३६.७३ म्हणजे १.९२ पट. सरकवलेला ९८ धरलात तर तोच सौदा साडेनऊ पटींचा दिसेल.

फोनवर एक गूगल फॉर्म ठेवा, चारच प्रश्न: करार, पहिला स्टॉप, सेटअप (सौद्याचा प्रकार, यादीतून निवडायचा, लिहायचा नाही) आणि एक ओळ कारण. ऑर्डर टाकण्याआधी भरायचा. फॉर्मची वेळ आणि पोझिशनची पहिली वेळ यांत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नसेल आणि करार तोच असेल तर स्क्रिप्टने जोडी लावावी. जोडी न लागलेले सौदे लपवू नका, 'बिनयोजनेचे' म्हणून वेगळे मोजा. जर्नलमधला सर्वांत उपयोगी आकडा बहुधा तोच निघतो.

फिफो

+१. आणि रोजची एक जुळणी: शीटमधली त्या दिवसाची विक्री वजा खरेदी वजा खर्च, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटचे निव्वळ देणे-घेणे. तफावत एक रुपयापेक्षा जास्त असेल तर तो दिवस लाल करा आणि अहवालात धरू नका. फ्युचर रात्रभर ठेवत असाल तर ही जुळणी चालणार नाही, तिथे रोजचा एमटीएम (बाजारभावाने होणारा रोजचा नफा-तोट्याचा हिशोब) मध्ये येतो.

कोकणकडा

बोनस-स्प्लिट राहिले. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले की आयएसआयएन बदलतो, बोनसमध्ये बदलत नाही. 'बदल' टॅबमध्ये जुना आयएसआयएन, नवा आयएसआयएन, गुणोत्तर आणि एक्स तारीख (ज्या दिवसापासून नवा भाव लागू होतो ती) ठेवा. रिलायन्सचा ऑक्टोबर २०२४ चा १:१ बोनस घातला नसेल तर आधी घेतलेले शेअर जर्नलमध्ये निम्म्या भावाला विकल्यासारखे दिसतील. स्क्रिप्टने एक्स तारखेआधीच्या नगांना दोनने गुणावे आणि भावाला दोनने भागावे.

पै_पैसा

जर्नलला हे चालेल, करासाठी नाही. तिथे बोनसचे शेअर शून्य किमतीचे, वाटपाच्या तारखेचे वेगळे धरतात आणि जुने आधी विकले असे मानतात. तोच आकडा विवरणपत्रात नेऊ नका. दोन्ही हवे असतील तर रांगेत किमतीचे दोन रकाने ठेवा.