उत्साह ऐकण्यातही असतो

विक्रीत उत्साह म्हणजे सतत बोलत राहणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. मी दुकानात फोन विकते. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, "नेमकं कशासाठी हवंय?" आणि गप्प राहून ऐकते. परवा एक आजोबा मोठ्या स्क्रीनचा महागडा फोन मागत होते. अडचण एवढीच, की अक्षरं बारीक दिसायची. त्यांच्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून दिली. नातीचा मेसेज त्यांनी तिथेच मोठ्यानं वाचून दाखवला, चेहरा काय खुलला होता! विक्री झाली नाही, पण आठवड्यानं ते मुलीला फोन घ्यायला घेऊन आले. दिवसभर उभं राहून पाय दुखत असले की हे जड जातं, खरंय. तरी तो पहिला प्रश्न मी कधीच टाळत नाही.