दिवसभर उभं काम, संध्याकाळी घोटे सुजलेले: पायातलं रक्त वर चढतं तरी कसं?

निफाडकर
पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी विचारतोय. हंगामात ग्रेडिंग-पॅकिंगच्या बायका टेबलाशी आठ-नऊ तास उभ्या असतात. संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो, काहींच्या पोटरीवर निळ्या शिरांची वेटोळी दिसतात. सकाळपर्यंत सूज उतरते. हृदय तर रक्त ढकलतंच आहे, मग ते पायातच का साठतं? आणि सगळ्यांना सरसकट दाबमोजे आणून दिले तर चालतील का?

गोदाकाठ
हृदयाचा जोर रोहिण्यांपुरता. तिथे सरासरी दाब पाऱ्याचा ९०-१०० मिमी असतो. केशवाहिन्या ओलांडून रक्त नीलांत येतं तेव्हा त्यातला १५ च्या आसपास उरतो. आणि घोट्यापासून हृदयापर्यंत चढ साधारण ११० सेंमीचा! तेवढ्या रक्ताच्या भारामुळे निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत दाब ८०-९० मिमी भरतो. या दाबाने केशवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. तीच सूज.

वर चढवायचं काम पोटरीचं. स्नायू आवळला की आतल्या खोल नीला पिळल्या जातात, आणि झडपा एकाच दिशेने उघडत असल्याने रक्ताला वरच जावं लागतं. चालायला लागलं की काही पावलांतच घोट्याजवळचा दाब ३० च्या खाली येतो. थांबलं की हळूहळू परत भरतो. धड झडपा असतील तर त्याला २० सेकंदांहून जास्त लागतात, गळक्या असतील तर काही सेकंदच पुरतात. वेटोळी दिसतात ती या गळतीमुळे ताणलेल्या, कातडीलगतच्या नीलांची.

झडप बघायची असेल तर हात खाली लोंबू द्या. मागच्या बाजूची ठसठशीत शीर बोटांकडच्या टोकाला एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त मनगटाकडे निपटा आणि ते दुसरं बोट उचला. झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त मागे येत नाही. पहिलं बोट उचललं की लगेच भरतो. विल्यम हार्वेने १६२८ च्या पुस्तकात दंडाला पट्टी बांधून हेच दाखवलं होतं.

सातपूर_फिजिओ
म्हणजे दोष उभं राहण्याचा कमी, न हलण्याचा जास्त. दर २० मिनिटांनी टाचा उचलून १५ वेळा चवड्यांवर या. टेबलाखाली एकेक वीट ठेवा, पाय आलटून पालटून टेकवायला. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच. नुसतं स्टुलावर बसवून पाय लोंबकळत ठेवले तर फारसा फरक पडत नाही, पोटरी तिथेही गप्पच असते.

सीबीएस_औषधवाला
सरसकट नको. निरोगी पायाला १५-२० मिमी दाबाचे गुडघ्याखालचे मोजे ठीक. वेटोळी असतील तर २०-३० चे, तेही डॉक्टरांनी बघितल्यावर. माप चपलेच्या नंबरावरून घेऊ नका (हे फार होतं). सकाळी, सूज नसताना, घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची मोजा. वरची कड दुमडली की तिथेच करकचून आवळतं आणि खाली सूज वाढते.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तंबाखू-विडी असेल, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल तर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. घोट्याचा भागिले दंडाचा हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर रोहिणीच अरुंद झालेली असते. अशा पायावर वरून दाब देणं म्हणजे आहे तेही रक्त तोडणं.

आणखी एक विचारा: रक्तदाबाला अॅम्लोडिपिन चालू आहे का? ती गोळी सूक्ष्म रोहिण्या सैल करते, केशवाहिन्यांवर दाब वाढतो, घोटे सुजतात. लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही.

निफाडकर
विटा आजच लावतो. एकीचा फक्त डावा पाय सुजलाय, कालपासून, पोटरी दुखतेय. तेल लावून चोळतायत.

गोदाकाठ
चोळणं आत्ता थांबवा. हे वरच्या सगळ्यात बसत नाही. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर खोल नीलेत गुठळीचा संशय वाढतो. पण फरक कमी भरला म्हणून घरी ठेवू नका, आजच्या आज डॉक्टरांना दाखवून डॉप्लर (शिरांतलं रक्त वाहतंय का हे दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात जाते. धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं तर १०८ ला फोन. मोजाही आत्ता चढवू नका.

डावाच पाय का, तर ओटीपोटात डाव्या पायाची मोठी नीला उजव्या पायाच्या रोहिणीखालून जाते आणि तिथे थोडी चेपलेली असते.