शब्दचर्चा : ‘ॲनोटेशन’ला शेरा म्हणावं का?

कोथरूडकर : नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या सर्व्हरचा सी कोड ऑफिसातल्या नव्या पोरांना मराठीतून समजावतेय. क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममधला एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) सर्व्हर. त्यात काही फंक्शनांच्या नावाआधी ‘कोरूटीन_एफएन’ असं लिहिलेलं असतं. या ॲनोटेशनला काय म्हणू? भाष्य, टीका, टिप्पणी एवढंच सुचतंय.

सदाशिवपेठी : टीका नकोच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, हे आमच्याकडे अजून चालतं. पण ‘तुझ्या फंक्शनवर टीका लिहिली’ म्हणालात तर पोरगं राजीनामा देईल. भाष्य म्हणजे उलगडून सांगणं, पतंजलींनी केलं तसं. ही खूण काय उलगडते?

कोथरूडकर : काही नाही, नुसती बजावते. नेटवर्कची जोडणी (सॉकेट) तुंबली की हे फंक्शन मध्येच ताबा सोडतं आणि वाट मोकळी झाली की तिथूनच पुढे चालतं. म्हणून ते कोरूटीनच्या, म्हणजे असं मध्येच थांबून तिथूनच पुढे चालू शकणाऱ्या कोडच्या, आतूनच बोलवायचं, आणि सरळ बोलावणाऱ्या फंक्शनवरही तीच खूण हवी. ही खूण म्हणजे एक मॅक्रो, कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसतो असं नाव. गंमत म्हणजे जीसीसी या कंपायलरच्या लेखी हा मॅक्रो रिकामा! खोडला तरी तयार होणारा प्रोग्राम तोच.

मुळशीकर : मग शेराच की. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये बँकेचा बोजा चढला म्हणून भात कमी पिकत नाही. न वाचता जमीन घेणारा मात्र बुडतो.

सदाशिवपेठी : उदाहरण झकास, पण शेरा साहेब मारतो. इथे लिहिणाराच स्वतःवर मारतोय.

कोथरूडकर : साहेबही आहे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने कंपाइल केलं तर मॅक्रो रिकामा राहत नाही, तपासणीच्या साधनांना ती खूण वाचता येते.

मुळशीकर : म्हणजे तलाठी आला! शेरा पक्का. आणि ताबा सोडण्याला ‘खो देणे’ म्हणा. खो-खोचे नियम १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यानेच बांधले.

कोथरूडकर : मोह मलाही झाला होता. पण खो रांगेतल्या कोणाही पाठमोऱ्या गड्याला देता येतो. इथे ताबा ज्याने आत धाडलं त्याच्याकडेच परत जातो. कोरूटीनबाहेर असताना सोडायला गेलात तर घ्यायला कोणीच नसतं, आणि क्यूएमू तिथल्या तिथे बंद पडतो.

सदाशिवपेठी : मग ‘ताबा परत देणे’ लिहा. आणि कोरूटीनला ‘सहनित्यक्रम’ वगैरे करू नका, कृपा करा.