मदत हवी आहे: लिस्टर टाईप इंजिनात कच्चं क्रूड ऑईल घातलं तर चालतंय काय?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात नदीकाठाला आमचा दोन एकर ऊस आहे. मोटर आहे, पण थ्री फेज येते रात्री, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज एवढं पडतं की स्टार्टर नुसता कटकट करतो. म्हणून आजोबांच्या वेळचं राजकोटचं लिस्टर टाईप इंजिन अजून मोडीत घातलेलं नाही. 6 एचपी, 650 आरपीएम, पट्ट्यावर पंप. डिझेल मात्र तासाला लिटरभर खातंय.

परवा ओळखीतून एक जण आला. "क्रूड आहे, रिफायनरीत जायच्या आधीचं. तुमच्या इंजिनाला काही होत नाही." डिझेलच्या निम्मा भाव. आजोबा कायम सांगायचे, "आम्ही क्रूड ऑईलवरच पाणी पाजलंय", म्हणून मलाही पटलं. 35 लिटरचा कॅन घेतला.

पहिली दहा मिनिटं झ्याक चाललं. मग सायलेन्सरमधून काळा धूर, आणि नेहमीचा धकधक आवाज जाऊन लोखंडावर घण पडल्यासारखा ठोका. वीसेक मिनिटांत इंजिन आपणच थांबलं. हँडल मारून मारून खांदे उतरले, चालू होत नाही. आमचा मेस्त्री सौंदत्तीला यल्लम्माला गेलाय.

आता इंजिन कसं सोडवू? उरलेलं तेल डिझेलमध्ये मिसळून संपवता येईल काय? आणि आजोबा थापा मारणारे नव्हते, मग त्यांचं कसं चालायचं?

जुना_फिटर:
आधी हँडल मारायचं बंद करा. जळलं नाही ते तेल पिस्टनवर साठतंय, रिंगांतून खाली ऑईलमध्ये उतरतंय. डिपस्टिक काढून वास घ्या. वास आला किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर ऑईल बदला, मग बाकीचं.

टाकी पूर्ण रिकामी करा, पाईप डिझेलने धुवा, फिल्टरचं एलिमेंट फेकून द्या. नंतर ॲटमायझर, म्हणजे तेलाचा फवारा मारणारं नोझल, खोलून बाहेरच लाईनला जोडा आणि हळूहळू फिरवून फवारा बघा. धुक्यासारखा उडाला पाहिजे. धार लागली किंवा थेंब गळत राहिला तर टिप चिकटलीय. फवाऱ्यापुढे हात धरू नका, डिझेल कातडीत घुसतं आणि मग बोट कापायची पाळी येते, मी बघितलंय. टिप सेफ्टीपिनने कोरू नका. बेळगावात पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे द्या, सोबत फ्युएल पंपही न्या. पंपातला दांडा (प्लंजर) आणि त्याची नळी (बॅरल) यांच्यातली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात कचकच गेली की संपलं. बसवताना तेलाच्या लाईनमधली एअर नीट काढा.

आखातवाला:
मी नऊ वर्षं कुवेतला तेलाच्या फील्डवर होतो, म्हणून विचारतो, तेल दिसायला कसं आहे? खरं क्रूड म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर सगळं एकाच भांड्यात. त्यात भर पाणी, मीठ, रेती. त्यातला हलका भाग ठिणगीची वाट बघत असतो. काही क्रूडमध्ये गंधकाचा विषारी वायू असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणूस तिथेच पडतो.

शिवाय आपल्याकडचं बरंचसं क्रूड मेणचट. राजस्थानात बाडमेरचं तर वाटेत थिजू नये म्हणून अख्खी पाईपलाईन तापवत ठेवावी लागते. कॅनमधून असं पाण्यासारखं ओतता आलं असतं काय? क्रूडवर चालणारी मोठी इंजिनं असतात, पण तेल आधी तापवून, गाळून, पाणी-मीठ काढून देतात. तो सगळा सरंजाम तुमच्या बांधावर कुठला?

मलप्रभाकाठ:
पाण्याच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवलं होतं. खाली बोटभर गढूळ पाणी बसलंय, वर काळपट तांबडं तेल. वास अंड्याचा नाही. टायर जळताना येतो तसा.

आखातवाला:
मग ते क्रूड नव्हेच. जुने टायर बंद भट्टीत तापवून काढलेलं तेल आहे. क्रूड फक्त नाव. गंधक भरपूर, आणि दाबाने पेट घ्यायला उशीर लावतं. साठतं आणि मग एकदम भडकतं, तोच तुमचा घणाचा ठोका. मिसळून संपवायचा विचार सोडा. आणि खरं क्रूड मिळालंच असतं तरी त्यातलं पेट्रोल धरून ते पेट्रोलियम कायद्यात अ वर्गातच, म्हणजे सगळ्यात लवकर पेट घेणाऱ्यात, गेलं असतं. विनापरवाना मर्यादा 30 लिटर. तुमचा कॅन त्याच्याही वरचा.

जुना_फिटर:
आजोबांचं सांगतो. त्या काळी खेड्यात ऑईल इंजिनाच्या तेलाला सरसकट क्रूड म्हणायचे. मिळायचं ते लाईट डिझेल ऑईल, म्हणजे रिफायनरीतूनच आलेलं, जरा जड आणि काळं. 750 आरपीएमच्या खालच्या हळू इंजिनांसाठीच ते असतं. तुमचं 650 चं. आजोबा खरंच बोलत होते, शब्द तेवढा फसवा. त्याआधीची हॉट बल्बची इंजिनं तर ब्लो लॅम्पने डोकं लालबुंद करून चालू करायची, ती जड तेलही पचवायची. तुमचं तसलं नव्हे.

निपाणीकर:
1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. आज शेंगतेलाचा भाव बघून कोण घालील? करंजीचं तेल, कानडीत होंगे, त्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएससी) लोकांनी खेड्यात इंजिनं चालवली होती. पण गाळलेलंच हवं, डिझेलवर चालू करायचं आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणायचं, नाहीतर नोझलची हीच कथा. बाकी सोलर पंपाला सरकारी योजनेत अर्ज टाकता येतो काय बघा. तोवर पंपावरचंच डिझेल घाला. मध्यंतरी डिझेल इकडे स्वस्त होतं तेव्हा कोल्हापूरकर आपल्याकडे कर्नाटकात येऊन टाक्या भरायचे, आणि तुम्ही कॅन कसले घेता?

मलप्रभाकाठ:
ॲटमायझर आज काढला. टिपेवर कोळशाची टोपी बसलीय, नखाने निघत नाही. उद्या बेळगावला नेतो. तेल देणारा फोन उचलत नाही. उरलेल्या 33 लिटरचं काय करू? आमची आई म्हणते, गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासू.

जुना_फिटर:
गोठ्यात नको, म्हशी चाटतात. झाकण घट्ट लावून सावलीत, घरापासून आणि विहिरीपासून लांब ठेवा. जळकं ऑईल अधिकृतपणे घेणारा कुणी मिळाला तर घेतो काय विचारा, पण काय आहे ते खरं सांगून.