मदत हवी आहे: जावात (प्रोग्रामिंगची भाषा) शिवनेरीचा मार्ग 'नल' (म्हणजे रिकामा) का छापला जातोय?

नमस्कार मंडळी, मी कॉमर्सवाला. हडपसरला अकाउंट्समध्ये नोकरी, संध्याकाळी डेक्कनला जावाचा क्लास. (मधलं ट्रॅफिक हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

सरावाला 'गाडी' हा क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा, इथे एकेका गाडीचा, साचा) लिहिला आणि तो एक्स्टेंड करून (त्यातलं सगळं वारशाने घेऊन) 'शिवनेरी'. नंबर, सीटा वगैरे गाडीत एकदाच लिहिलं, शिवनेरीत फक्त भाडं ओव्हरराइड केलं (तिच्यापुरतं नव्याने लिहिलं). इथवर झकास.

मग हौस आली. गाडी तयार होताच फलक छापावा म्हणून गाडीच्या कन्स्ट्रक्टरमधूनच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) 'फलक दाखव' ही मेथड (नाव घेऊन बोलवायचं काम) बोलावली. शिवनेरीत ती ओव्हरराइड केली आहे आणि मार्ग या फील्डमध्ये (माहिती ठेवायचा कप्पा) 'पुणे-दादर' भरलंय. छापून येतं 'शिवनेरी: नल'! म्हणजे मेथड शिवनेरीचीच चालली, मग तिचा मार्ग कुठे गेला? नंतर तीच मेथड बाहेरून बोलावली की पुणे-दादर बरोबर येतं.

शिवनेरीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरची ओळ (गाडीचा कन्स्ट्रक्टर बोलावणारी) लिहून पाहिली, काही फरक नाही. मार्गाला फायनल केलं (किंमत पुन्हा बदलता येणार नाही असं) तर चक्क चाललं! का, ते कळेना. सर म्हणाले, "चाललं ना? पुढे चला." पुढे जाववत नाही.

प्रतिसाद १: सुपर तुम्ही नाही लिहिलं तरी जावा स्वतः घालतं, म्हणून फरक नाही. क्रम असा: आधी सगळ्या फील्डमध्ये नल किंवा शून्य, मग गाडीचा कन्स्ट्रक्टर, त्यानंतर शिवनेरीच्या फील्डमध्ये किमती, शेवटी तिचा कन्स्ट्रक्टर. मेथड मात्र ऑब्जेक्टच्या खऱ्या क्लासची निवडली जाते, मग तो ऑब्जेक्ट अर्धाच तयार असला तरी. तुमचा फलक रंग द्यायच्या आधीच लटकवला गेलाय. फायनल केल्यावर ते अक्षरशः लिहिलेलं नाव कंपायलरनेच वापराच्या जागी चिकटवलं. मार्ग असा लिहून न ठेवता शिवनेरीच्या कन्स्ट्रक्टरला बाहेरून द्याल, तेव्हा फायनल असूनही पुन्हा नलच येईल.

प्रतिसाद २: सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी गाडीचीच मेथड चालली असती. असो. मार्ग प्रत्येकच गाडीला असतो, तर तो गाडीत ठेवा आणि सुपरमधून पाठवा. फलक मात्र गाडी तयार झाल्यावर बाहेरून बोलवा.

धागाकर्ता: केलं, चाललं! आता लाल डबा लिहितोय. त्याच्या फलकावर उभ्या प्रवाशांची संख्या ० आली होती, तेही यामुळेच ना?

प्रतिसाद १: त्यामुळेच. लाल डब्यात ० उभे, हे तर न चालवताच चूक कळायला हवं!